दिवाकरकाकांच्या न उघडलेल्या फायली

मीटिंग चालू असताना टेबलावरचा फोन थरथरला आणि स्क्रीनवर नाव आलं, दिवाकरकाका. मी फोन उलटा करून ठेवला. पुन्हा थरथरला तेव्हा कापला. गेली दोन वर्षं काकांचा फोन म्हणजे कॉम्प्युटरची काहीतरी अडचण, असंच मी धरून चालले होते. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा बाहेर जाऊन जरा तुटकपणेच म्हणाले, "काका, मी नंतर करते ना..." पलीकडे काकू होत्या. "काका नाही राहिले व पिंकी. सकाळी चहा घेता घेता गेले." त्यांच्याच फोनवरून त्या एकेकाला कळवत होत्या. त्यांच्या यादीत मी बरीच वर असणार, कारण माझा नंबर तीनदा लावला गेला होता.

याला आता दीड महिना झाला. काकांबद्दल लिहायचं ठरवल्यावर मला आधी त्यांच्या चांगुलपणाबद्दल लिहावंसं वाटलं. तसं लिहिणं सोपं होतं. पण त्यात मी कुठेच आले नसते, आणि मला तेच हवं होतं, हे माझ्या लक्षात आलं.

काका म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. आमगावला त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. १९९९ साली त्यांनी कॉम्प्युटर घेतला तेव्हा गावातली माणसं तो बघायला यायची. मी तेव्हा गोंदियाला इंग्रजी शाळेत दुसरीत होते. सुटीत आमगावला गेले की काका मला स्टुलावर बसवत आणि पत्रिकेवरचा इंग्रजी मजकूर वाचायला लावत. एकदा 'वेन्सडे'च्या स्पेलिंगमधला डी राहून गेलेला मी दाखवला. पत्रिका तोवर छपाईसाठी बटर पेपरवर निघाली होती, ती त्यांनी फाडून टाकली आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, "पोरीनं वाचलं म्हणून वाचलो." तेव्हापासून इंग्रजीतलं काहीही असलं की माझा शब्द शेवटचा. मी बोलायला लाजायचे. त्यांच्या दुकानात मात्र मला फारसं बोलावंच लागत नसे. बोट ठेवलं की पुरे.

त्यांची कामाची रीत वेगळी होती. प्रत्येक घराची एक फाइल. मोठ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका केली की ती तशीच जपून ठेवायची, आणि चार वर्षांनी धाकट्याचं लग्न निघालं की तीच उघडायची. मग घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवून एकेक नाव विचारायचं. कोण गेलं, कोणाची सून आली, कोणाला मूल झालं. गेलेल्यांची नावं वरच्या ओळीत सरकायची, आणि घर बौद्ध असेल तर 'स्व.' नाही, 'कालकथित'. यात काकांची चूक कधी झाली नाही. आमच्याकडे पत्रिकेत नाव राहिलं तर माणूस लग्नाला येत नाही, आणि पुढची दहा वर्षं बोलतही नाही. काका म्हणायचे, "लोक डिझाइन नाही पाहत व. लोक आपलं नाव पाहतात."

तो कॉम्प्युटर त्यांनी तेरा-चौदा वर्षं वापरला. मग तो बंद पडला तो उठलाच नाही. गोंदियाच्या एका मेकॅनिकने नवा आणून दिला, जुन्या फायली सगळ्या त्यात उतरवून दिल्या, पण ज्या सॉफ्टवेअरमध्ये त्या केल्या होत्या ते त्यावर बसेना. काकांनी मला पुण्याला फोन केला. मी नोकरीत नवी होते. शेजारी मुलं-मुली इंग्रजीतून हसतबोलत होती आणि माझ्या कानात काका स्क्रीनवरचा संदेश एकेक अक्षर वाचत होते, "टी... एच... आय... एस... सांगू काय पुढचं?" माझ्या आवाजातला गोंदिया बाहेर पडू नये म्हणून मी अगदी हळू बोलत होते. पहिल्याच दोन शब्दांवरून मला अडचण कळली होती. उपायही माहीत होता. नव्या कॉम्प्युटरच्या आत एक कप्पा करायचा, त्यात जुनी सिस्टिम टाकायची, आणि जुनं सॉफ्टवेअर त्या कप्प्यात पूर्वीसारखं चालतं. फुकट होतं हे. फक्त फोनवर समजावायला दोन-तीन तास गेले असते, किंवा मला एकदा आमगावला जावं लागलं असतं.

"नाही होत, काका," मी म्हणाले. "जुनं आता नाही चालत."

"नाहीच होत काय?"

"नाहीच."

"मंग नाही होत असंन. तू म्हणतेस तं झालं." आवाजात जराही कुरकुर नव्हती. मग विचारलं, नवं व्हर्जन घेऊ काय? मी त्याची किंमत सांगितली तेव्हा ते मोठ्याने हसले. "एवढ्यात तं दोन लग्नं लागतीन व पोरी!" मी त्यांना फुकटातलं एक सॉफ्टवेअर सुचवलं, त्याची लिंक पाठवली, आणि फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं. हे मुद्दाम लिहिते आहे. हलकं वाटलं.

सॉफ्टवेअर चांगलंच होतं, त्याचा दोष नाही. पण जुन्या फाँटमधली मराठी त्यात उघडली की नुसती चिन्हं दिसायची. म्हणजे सगळी घरं पुन्हा पहिल्यापासून टाइप करायची. काका ते करू लागले. पन्नाशी उलटलेला माणूस नवे मेनू शिकत होता. मधूनमधून फोन यायचा, "वेलांटी सरकून राहिली व, कशी धरू?" मी कधी सांगायचे, कधी कापायचे.

पुढच्या मे महिन्यात मी आमगावला गेले होते. लग्नसराई जोरात होती. दुकानात बसले होते, तर बोदलकसा गावाकडचे एक म्हातारे गृहस्थ पत्रिका हातात घेऊन आत शिरले. भाचीचं लग्न होतं. मामांच्या ओळीत तीन नावं होती, चौथं, सगळ्यात थोरल्याचं, यांचं, नव्हतं.

"माहं नाव काऊन नाही? मी मेलो काय?" ते ओरडले. "मेलो असतो तरी वरच्या ओळीत टाकलं असतं तुवा!"

बाहेर पानठेल्यावरची माणसं वळून पाहू लागली. काका उभे राहिले. "चूक माहीच आहे, मामाजी. घरून आणलेल्या जुन्या पत्रिकेवरून टाइप केलं, ती घडीवर फाटली होती. माह्या फायलीत नाव होतं तुमचं. पण फाइल उघडत नाही ना आता."

"मंग उघडून घे ना! कुलूप लागलं काय तिले?"

"नाही होत जी. ही पाहा, माही पुतणी. इंजिनिअर आहे, पुण्याले. तिनं पाहिलं सगळं. नाही होत म्हणते."

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुकानातल्या सगळ्यांनीच पाहिलं. त्या क्षणी मी बोलू शकले असते. पण आता 'होतं' म्हटलं असतं, तर वर्षभरापूर्वीचं 'नाही होत' उघडं पडलं असतं... मी मान हलवली. होकारार्थी. काकांनी सगळ्या पत्रिका पुन्हा छापून दिल्या आणि चौथं नाव पहिलं टाकलं. म्हातारे लग्नाला गेले की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

काकांच्या तेरवीला गोंदियाचा तो मेकॅनिक आला होता. जेवणं झाल्यावर मंडपाच्या कडेला तो बाबांना सांगत होता, आणि मी पाणी वाढायला तिथे उभी होते. "मैंने तो बोला था भैया, हो जायेगा, एक दिन दो मेरे को. नाराज़ हो गये मेरे पे. सबके सामने बोले, मेरी भतीजी से ज़्यादा पढ़ा है क्या तू? झूठ बोलके पैसा ऐंठता है. उसके बाद मेरे को दुकान में बुलाया ही नहीं." तो हे रागाने नाही, कौतुकाने सांगत होता, की पुतणीवर केवढा विश्वास. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताखालून निघून जाता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायला लावलं. सॉफ्टवेअरची आणि जुन्या सिस्टिमची सीडी खणात एका फडक्यात गुंडाळलेली होती, एकही ओरखडा नाही. दहाला बसले, जेवायच्या वेळेआधी झालं. जुना करडा पडदा नव्या स्क्रीनच्या आत उघडला, आणि मी यादीतलं पहिलं घर उघडलं. सगळी नावं जागच्या जागी. मग दुसरं घर. बोदलकशाच्या त्या म्हाताऱ्यांच्या भाचीचं घर उघडलं, तर मामांच्या ओळीत चार नावं, थोरले पहिले.

काकू मागे केव्हा येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही.

"हे तं चालून राहिलं."

"हो."

"मंग तवा काऊन नाही झालं?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. नवीन काहीतरी निघालंय, असं म्हणता आलं असतं, आणि काकूंनी मानलंही असतं. "तेव्हाही होत होतं, काकू," मी म्हणाले. "मला येत होतं. मी केलं नाही."

काकू रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पदर खोचून त्यांनी स्क्रीनवरची नावं एकेक करून वाचली. मग म्हणाल्या, "मले सांगून काय होते? त्या मेकॅनिकले फोन लाव. चार माणसांत त्याले खोटं पाडलं त्याहिनं. तुह्या भरवशावर."

मी तिथेच उभं राहून फोन लावला. मला फोनवर बोलायला कधीच जमलेलं नाही, आणि हिंदीत तर नाहीच. तरी सांगितलं, की तुम्ही बरोबर होता, काका चुकले ते माझ्यामुळे. "जाने दो दीदी," तो म्हणाला. "उनको बता देते तो अच्छा होता."

दुकान आता काकू चालवतात. नावं त्या विचारतात, टाइप करायला एक मुलगी ठेवली आहे, आणि काम त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्येच होतं. त्या खेपेला निघताना मी टेबल आवरलं तेव्हा स्क्रीनच्या वर भिंतीला चिकटवलेला एक कागद नीट वाचला. बॉलपेनने, काकांच्या टपोऱ्या अक्षरात, फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी कशी बसवायची त्याच्या अकरा पायऱ्या लिहिल्या होत्या. काही खोडून पुन्हा लिहिलेल्या. सगळ्यात वर, अधोरेखित करून, एक ओळ होती, 'जुने चालत नाही. (पिंकीने पाहिले.)'

तो काढू का, असं मी काकूंना विचारलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "त्याहिच्या हातचं आहे."