वर बघून सोललेले वाल

“बाहेरची दिसते. मराठी येतं तिला, पण शिकून आलेलं.”

समोरच्या बाकावरची बाई शेजारणीला हे म्हणाली. मी ते ऐकलं नाही, पाहिलं. मला जन्मापासून फार कमी ऐकू येतं. यंत्र लावलं की दाराचा धक्का, कुत्र्याचं भुंकणं, गाडीची धडधड एवढं कळतं. शब्द ओठांवरूनच वाचावे लागतात. समोर बसून कोणी हळूच काही बोललं, तर ते मात्र हमखास कळतं. आवाज खाली आणला की झालं, असं लोकांना वाटतं.

पनवेलहून सुटलेली रोह्याची गाडी आपट्याला थांबली होती आणि मी तिला एवढंच विचारलं होतं, “पेण यायला किती वेळ आहे?” तिने हिंदीत सांगितलं, “आधा घंटा.” मी मान हलवली आणि खिडकीकडे वळले. आता काही विचारायचं झालं तर फोनवर लिहून दाखवू, असं ठरवलं. अनोळखी माणसांशी मी गेली अकरा वर्षं असंच बोलते.

माझा आवाज मला छातीत कळतो. ‘म’ म्हटलं की नाकाचं हाड गुणगुणतं, ‘ग’ गळ्याशी आपटतो, ‘स’ म्हणजे दातांवरून गेलेली नुसती हवा. बाकी तो कसा आहे, हे मी लोकांच्या भुवयांवरून ओळखते. त्यांना मी केरळची वाटते, कधी परदेशातली. आपल्या बोलण्याला कुठल्या गावाचा हेल आहे, हे मला कोणीतरी सांगितल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

पेणला सुनंदाताई स्टेशनवर आली होती. ती माझी आत्येबहीण; तिनेच मला बोलावून घेतलं होतं. तिच्या सासरच्या घरी पोह्याच्या पापडाच्या लाट्या (कच्च्या पिठाच्या गोळ्या) तेलात बुडवून खाल्ल्या. ताई माझ्याशी बोलताना तोंड एवढं मोठं उघडते की ओठ वाचणं अवघड होतं. तरी कळलं ते असं: तिच्या आईला, म्हणजे माझ्या आत्याला, दोन वर्षांपासून ऐकू येईनासं झालं आहे, आता तर अजिबातच नाही. यंत्र आणून दिलं, पण ती ते लावत नाही.

“तू सांग तिला,” ताई म्हणाली. “तुझं ऐकेल.”

मी अंगणाकडे पाहिलं. अकरा वर्षांपूर्वी याच अंगणात ताईचा साखरपुडा झाला होता. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. कोणीतरी माइक हातात दिला आणि मी ताईसाठी दोन वाक्यं बोलले. अख्खा मांडव हसला. पहिल्या रांगेत आत्या बसली होती. तोंडाला पदर लावून तीही हसत होती. इतरांचं मला फारसं लागलं नसतं. पण मी आत्याकडे वाढले होते. आईबाबा नोकरीला, म्हणून पाच वर्षांची होईपर्यंत मी रोह्याजवळ वरसे गावी तिच्या घरी होते आणि आत्यानेच माझा हात आपल्या गळ्यावर ठेवून मला बोलायला शिकवलं होतं.

मुंबईला परतल्यावर मी शाळेतल्या स्पीचच्या मॅडमना सांगितलं, माझं बोलणं दुरुस्त करा. दोन वर्षं आरशासमोर बसून केलं. वरशाला पुन्हा गेले नाही. आत्या मुंबईला आली की मी मानेने उत्तर द्यायचे, नाहीतर कागदावर लिहायचे. ती चौथीपर्यंत शिकलेली, अक्षराला अक्षर जुळवत वाचायची. माझा कागद हातात धरून ती बराच वेळ बसून राहायची, ते मी पाहिलं आहे.

दुपारच्या गाडीने रोह्याला निघाले. पेण सुटलं की उजवीकडे काही वेळ मिठागरं दिसतात, मग भाताची कापलेली खाचरं. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर लोक वाल पेरतात. जानेवारीत तेवढंच हिरवं असतं. रोह्याला रिक्षावाल्याला फोनवर ‘वरसे’ लिहून दाखवलं. त्याने मला वरशाच्या दुसऱ्या टोकाला, नव्या इमारतींपाशी सोडलं. चुकलं, असं मी त्याला म्हणाले नाही. बॅग घेऊन वीस मिनिटं उलटी चालले.

पडवीत आत्या आणि शेजारच्या कमलकाकू बिरडं (मोड आलेले वाल) सोलत बसल्या होत्या. कोमट पाण्यातला वाल चिमटीत दाबायचा, साल हातात राहते, पांढरी डाळिंबी पातेल्यात पडते. हे काम मान खाली घालून करायचं, नाहीतर साल पातेल्यात जाते. सगळ्याच बायका तशा सोलतात आणि गप्पाही तशाच मारतात.

आत्या मात्र मी लहान असताना मान वर करून सोलायची, मला तिचे ओठ दिसावेत म्हणून. “बिरड्यात सालं खायला घालते,” म्हणून बायका तिला टोमणे मारायच्या, हे मला आठवतं.

आता कमलकाकू मान खाली घालून बोलत होत्या आणि आत्या अंदाजाने “व्हय, व्हय” म्हणत होती. काही न कळता हलवलेली ती मान मी लगेच ओळखली. ती माझी आहे.

मला बघून आत्याने पाट सरकवला. मी तिच्यासमोर बसले आणि वर बघून सोलायला लागले. कमलकाकूंनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

“सुनंदाच्या साखरपुड्याला बोललेलीस ती तूच ना गो? ‘ताई, नीट रहा गो, आत्तेला सारखी फोन कर, तिला दम नाय निघत.’ आमी हसून हसून मेलो. शाळंतली एवढीशी पोर, आन तोंडात बोलणं समदं हिचं, तुज्या आत्तेचं. हेलसुदा हिचाच.”

माझ्या हातातली डाळिंबी तशीच राहिली. मी आत्याकडे वळून एकेक शब्द सावकाश म्हटला, “साखरपुड्याला तू का हसलीस?”

तिने माझे ओठ दोनदा वाचले. मग बोलली. फार मोठ्याने असावं, कारण अंगणातलं कुत्रं उठून उभं राहिलं.

“हसले व्हय. आन रडलेबी. मुंबैला गेलीस तरी माजं बोलणं तुज्या तोंडातनं गेलं नव्हतं. मंग तूच बोलायची बंद झालीस. मला वाटलं, इंग्लिश शाळंतलीला आमच्यासंगं बोलायची लाज वाटते.”

मी यंत्राचं विचारलं. ती म्हणाली, “आणलं तवा त्यात माजा आवाज डब्यात तोंड घातल्यावानी यायचा. ती बाई मी नाय.”



मग तिने वालाच्या पाण्याने ओली झालेली बोटं माझ्या गळ्यावर ठेवली. “बोल. तुजा मोठेपणीचा आवाज मी ऐकलाच नाय.”

मी बोलले. गाडीचं, रिक्षाचं, सुचेल ते. ती डोळे मिटून बसली होती. शेवटी म्हणाली, “बोलतेस एवढं कळतंय. कशी बोलतेस, ते नाय कळत.” मग माझा हात उचलून आपल्या गळ्यावर नेला. “आन मी? वरडते का गो?”

गळा गरम होता, हाताखाली थरथरत होता, लहानपणी थरथरायचा तसाच. मला एवढंच सांगता आलं.

आमचे दोघींचे आवाज ऐकू येत होते ते फक्त कमलकाकूंना. त्या मला म्हणाल्या, “आता तू बातम्या सांगणाऱ्या बाईवानी बोलतेस. चांगलं स्वच्छ. हिच्यावानी नाय आता.” त्यांनी कौतुकानेच म्हटलं होतं. मी पुन्हा वाल सोलायला लागले. माझं पातेलं सालींनी भरलं.

दुसऱ्या दिवशी आत्याने बिरड्याचा डबा दिला आणि मी परतीची गाडी धरली. माझ्याकडे आत्याचा हेल होता, हे मला माहीतच नव्हतं. मी तो वैगुण्य समजून घासून काढला. आता परत आणायचा तर मला ऐकू यायला हवं. आणि आलाय की नाही हे जी सांगू शकली असती, तिलाही आता ऐकू येत नाही. दोन वर्षं आधी गेले असते तर निदान एकदा तिने मला ऐकलं असतं.

कासूला एक म्हातारी वालाच्या शेंगांची टोपली घेऊन चढली आणि समोर बसली. माझ्या मांडीवरच्या डब्याकडे बघून तिने विचारलं, “कुठली गो तू?”

माझा हात पर्समधल्या फोनवर गेला होता. फोन तिथेच ठेवून हात बाहेर काढला आणि रिकामाच गळ्याशी नेला.

“वरशाची हाय मी,” मी म्हटलं. “बोलायला आत्तेकडं शिकले.”