माशांना गोळ्या घालू नयेत

धायरीतल्या आमच्या सोसायटीमागे एक छोटं तळं आहे. पूर्वी ते गावाचं होतं, पोळ्याला तिथे बैल धुवायचे. आता भोवती जॉगिंग ट्रॅक झाल्यामुळे ते आमचं, असं आम्ही धरून चाललोय. गेल्या उन्हाळ्यात त्यातले मासे मेले. सकाळी पाहतो तर काठाला नुसती पांढरी पोटं, आणि वास असा की फिरायला आलेले नाकाला रुमाल लावून परत.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. स्वभावाने घुमा. "तुमच्याकडून उत्तर काढण्यापेक्षा विहीर खणणं सोपं," असं बायको म्हणते. त्यामुळे त्यानंतरच्या मीटिंगमध्ये मी गप्प बसलो याचं कोणालाच नवल वाटलं नाही.

गप्प बसण्याचं कारण वेगळं होतं. आमच्या सांडपाण्याच्या प्लांटचा पंप जळला होता. टाकी तुंबून घाण पार्किंगमध्ये यायला लागली, तेव्हा प्लंबरला मीच म्हणालो, मागचा व्हॉल्व्ह उघडून ठेव, तात्पुरता. त्याचा पाइप तळ्यात उतरतो. तात्पुरता म्हणता म्हणता उन्हाळा सरत आला होता.

"ते आबा रोज परातभर कणीक टाकतात पाण्यात," मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं. "सडणार नाही तर काय?"

सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. मलाही. आबा गावातले, आमच्या इमारती त्यांच्याच शेतावर उभ्या आहेत, पण ते सोसायटीचे मेंबर नाहीत. त्यांची बायको श्रावणात माशांना कणकेच्या गोळ्या घालायची. ती गेल्यापासून आबा स्वतः कणीक मळून रोज सकाळी यायचे. एका निवृत्त मास्तरांनी पाटीचा मजकूर केला: 'माशांना गोळ्या घालू नयेत. पुण्य मिळवण्याच्या इतर जागा उपलब्ध आहेत.' खाली सेक्रेटरी म्हणून माझी सही.

पाटी लागली त्या सकाळी आबांनी ती सावकाश वाचली. "काय सायेब, त्या जागांचा नकाशा लावायचा ऱ्हायला व्हय?"

मी हसलो. मग ते पाण्याकडे बघत राहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "म्हंजी मंडळीच्या नावानं म्या इख घातलं म्हना की त्यास्नी."

"तसं नाही हो आबा," एवढंच म्हणालो, आणि फोन आल्यासारखं करून निघालो.

आबांनी गोळ्या बंद केल्या. त्याच आठवड्यात नवा पंप बसला, मी व्हॉल्व्ह बंद करवला. पुढे पाण्यात हवा सोडणारं कारंजं बसवलं. पावसाळा उलटल्यावर पाणी इतकं निवळलं की काठचे दगड तळापर्यंत दिसू लागले. शेजारच्या सोसायटीची माणसं आमचं तळं बघायला आली आणि पाटीचा फोटो काढून घेऊन गेली.

माझा गोंधळ तिथून वाढला. सडणारी कणीक पाण्यातली हवा खाते, हे खोटं नाही. मैलापाणीही खातंच. वर उन्हाचा कडाका. मग मासे कशाने मेले? पाणी कशाने सुधारलं? रोज एक उत्तर पटायचं, आणि ते सोयीचं आहे म्हणून पटतंय की खरं आहे म्हणून, हेच कळायचं नाही. शेवटी बायकोला सगळं सांगितलं.

"मासे कशाने मेले ते राहू दे," ती म्हणाली. "पाइपातून घाण कोणी सोडली, ते तरी कळतंय ना?"

आबा गोळ्यांविना बाकावर येऊन बसत. दुसऱ्या दिवशी मी शेजारी बसलो. "आबा, त्या उन्हाळ्यात आमचं घाण पाणी तळ्यात येत होतं. मीच सोडायला लावलं होतं."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजी माझ्या गोळ्यांनी न्हाई मेलं?"

'नाही' म्हणायला काय जात होतं? पण आता कुठे खरं बोलायला लागलो होतो. "ते मला खरंच माहीत नाही."

"येक तर व्हय म्हना, न्हाई तर न्हाई म्हना. किती दिस झोप न्हाई मला, सायेब."

"तेच तर सांगता येत नाहीये, आबा."

ते उठले, धोतर झटकलं आणि गेले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मीटिंगमध्ये मी पाइपचं सांगितलं, तर तिथेही कोणी रागावलं नाही. पाटी मात्र राहू द्या म्हणाले, मजकूर चांगला आहे. मी माझ्या सहीवर रंग फासून आलो.

आज सकाळी आबा परत आले. परात नव्हती, वाटी होती. पाटीखाली उभं राहून त्यांनी एक गोळी टाकली. आम्ही दोघंही पाण्याकडे बघत राहिलो. एक तरंग उठला, विरला.

"खाल्ली का बुडाली?" आबांनी विचारलं.

"दिसलं नाही मला."

"मग दुसरी घालू का नको?"

मी पाण्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं.

"घाला," म्हणालो. "पण छोटी घाला."

आबांनी हातातली गोळी मोडून अर्धी केली.