बिनबुडाचा बीकर

काच हातात आली की आप्पा आधी तिला नखाने टिचकी मारायचे आणि कान लावायचे. मग ठरलेलं वाक्य: "हवा आळशी असते. वाट दाखवली नाही तर बाजूने निघून जाते."

सुरतजवळच्या उधन्यात ते आमच्या शेजारी राहायचे. मूळचे शिरपूरचे. आयुष्य मिलच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेलं. नाद एकच, हॅम रेडिओ. सरकारी परवाना काढून घरच्या सेटवरून लांबच्या लोकांशी बोलायचे. आवाज लांब जावा म्हणून अँप्लिफायर स्वतः बांधलेला, त्यात बल्बसारखा काचेचा एक मोठा व्हॉल्व्ह. तसा दुसरा आता मिळत नाही. तो तापून जाऊ नये म्हणून खाली पंखा आणि भोवती काचेचं धुराडं. वारा व्हॉल्व्हला घासत वर जातो.

एका सकाळी ते धुराडं तडकलं.

तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? शिरपूरला त्यांचा मित्र अर्धांगाने अंथरुणावर होता. वाचा गेलेली, नुसता ऐकायचा. त्याच्या छपरावरची एरियलची तार निघून खिडकीत हातभर उरलेली. अँप्लिफायरशिवाय आप्पांचा आवाज त्या खिडकीपर्यंत पोचत नव्हता, आणि रोज सकाळी सातला तो वाट बघायचा.

कंदिलाची काच लावून पाहिली. तिचं पोट फुगीर, वारा फाकायचा. मग सरबताची बाटली. तिला रॉकेलचा दोरा गुंडाळून पेटवला, लगेच पाण्यात बुडवली; बूड अलगद सुटलं. तिसऱ्या दिवशी तीही तापून फुटली.

मी कापड रंगवायच्या डाइंग मिलच्या लॅबमध्ये. आमच्या घराण्यातला पहिला बीएस्सी, हे मी सगळ्यांना सांगतो. तोंड फुटलेला एक बीकर आणला आणि ऐटीत म्हणालो, "आप्पा, ही लॅबची काच. कितीही तापवा, तडकत नाही. लावा दोरा!"

तीनदा दोरा जाळला. काजळी धरली, काच जशीच्या तशी.

"काय ग्रॅज्युएट, तुनी डिगरी काय म्हनस?" आप्पा अहिराणीवर आले. "तापाला भीत नाही म्हणून आणली ना? मग दोऱ्याला कशी भिईल?"

केमिस्ट्रीत फर्स्ट क्लास होता माझा.

शेवटी आप्पांनी कतारगामच्या एका कारखान्यातून हिरे चिरायची झिजलेली चकती मिळवली. ती मोटारीला लावून ते काच फिरवत होते, मी वरून पाण्याची धार धरली होती. दुपार गेली, पण बूड निघालं. आप्पांनी टिचकी मारली, कान लावला. "हां."

दुसऱ्या दिवशी साडेसातला मित्राच्या मुलीचा फोन आला. "काका, आवाज आला. बाबांनी हात वर केला."

आप्पा मागच्या हिवाळ्यात गेले. त्या मुलीला मीच कळवलं. ती म्हणाली, "बाबांना सांगितलंय. तरी सातला खूण करतात, रेडिओ लाव म्हणून."

मी परवान्याच्या परीक्षेला बसलो. नापास झालो. घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट म्हणून मिरवतो, तर हेही सांगायला हवं. पुन्हा फॉर्म भरलाय.

आप्पांच्या मागे काकूंनी सेट जागचा हलवू दिलेला नाही. परवाना येईपर्यंत बोलता येत नाही. सकाळी जाऊन धूळ पुसतो आणि सातला नुसता पंखा लावतो. व्हॉल्व्ह थंडच असतो. बीकरवरच्या मिलिलिटरच्या रेघा अजून तशाच आहेत, आणि हवा आतून सरळ वर जाते.