मोजत राहिलेला सुधाकरदादा

दादा गेल्याचं कळलं तेव्हा मी सोसायटीच्या ऑफिसात प्लंबरशी हुज्जत घालत होते. खारट पाण्याने पंपाचा व्हॉल्व्ह तिसऱ्यांदा खाल्ला होता. वहिनीचा फोन आला. पहाटे झोपेतच गेला म्हणाली... आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी मला वैताग आला. या माणसाशी माझं भांडण अजून संपलं नव्हतं.

सुधाकरदादा माझा आतेभाऊ. त्याचा जन्म सरकारी भूजल खात्यात गेला. गावोगावच्या ठरावीक विहिरींची पातळी मोजायची, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, वर्षानुवर्षं. निवृत्त झाल्यावर माझ्याच आग्रहावरून तो इंद्रलोक वसाहतीत आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आला. वाटलं, आता तरी स्वस्थ बसेल. महिन्याभरात त्याने जवळच्या नवघर गावातली एक जुनी विहीर शोधून काढली. दर महिन्याचा पहिला रविवार तिचा. टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप आत सोडायचा, वर ओढून खडू कुठवर भिजला ते बघायचं आणि आकडा वहीत लिहायचा. स्वतःच्या मुलीच्या डोहाळजेवणालाही स्वारी उशिरा आली, गुडघ्यांना शेवाळ लावून. वहिनी यावरून त्याला बोलायची थांबली होती. मी थांबले नव्हते.

विहिरीची मालकीण म्हातारी त्याला विचारायची, "पानी हाय ना? मंग मोजतंस कशाला?" मीही तेच विचारायचे. तो शांतपणे सांगायचा की हल्ली उपग्रहावरून अख्ख्या प्रदेशाच्या जमिनीतलं पाणी वाढतंय की घटतंय ते कळतं, पण ही एक विहीर तिथून दिसत नाही. ती वाकूनच बघावी लागते.

मग सोसायटीने बोअरवेल मारायचं ठरवलं. सेक्रेटरी मीच. उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी, लोक माझ्या दारात. सभेत दादा वही घेऊन उभा राहिला. सरासरी काय, एका वाईट वर्षावरून का बोलू नये, पाऊस जास्त झाला तर आकडे कसे फसवतात... अर्धा तास झाला तरी मुद्दा येईना. शेवटी मागून कोणीतरी विचारलं, "अंकल, पानी लगेगा कि नहीं?"

"लागेल. पण..."

"मग दादा, बस आता," मी म्हणाले. लोक हसले. तो बसला. समुद्र जवळ आहे, जास्त उपसा केला तर खारं पाणी आत सरकेल, हे त्याच्या 'पण'च्या पुढे होतं.

बोअरवेल मारली आणि तिसऱ्या उन्हाळ्यात तिचं पाणी खारट झालं. कुंड्यांतली झाडं जळली, नळांवर पांढरे थर धरले. दादा दर महिन्याला पेनासारखं एक यंत्र घेऊन यायचा आणि खारटपणा मोजून जायचा. एकदा मी त्याला जिन्यातच अडवलं. तेव्हा ठणकावून का नाही सांगितलंस?

"खात्री नव्हती, शुभे. फक्त कल दिसत होता."

कल! तीनशे माणसं अंघोळ करतात त्या पाण्याने, आणि हा कल बघतोय. त्यानंतर मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. तसेच आठ महिने गेले, आणि मग वहिनीचा तो फोन.

तेराव्यानंतर वहिनीने मला त्याचं कपाट आवरायला बोलावलं. खोलीत सगळं जागच्या जागी होतं. टेबलाजवळची खुर्ची खिडकी डाव्या हाताला येईल अशी वळवलेली, कारण त्याला लिहायला उजेड डावीकडून लागायचा. मी त्याच खुर्चीत बसून वह्या चाळल्या. तारीख, पातळी, शेरा. शेऱ्यात काय, तर 'ढगाळ', 'कठडा दुरुस्त केला'. त्या सभेच्या महिन्यापाशी आले. बारीक, सरळ अक्षर: 'सभेत मुद्दा आधी सांगायला हवा होता. शुभाची चूक नाही.'

मी वही मिटली, परत उघडली. इतका राग मला त्याचा जिवंतपणी कधी आला नव्हता. हे वहीत लिहून ठेवायचं असतं होय? मी एक मजला खाली राहत होते.