जानकीबाईंच्या अर्ध्या स्ट्रिप

"डोस वाढवते," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. जानकीबाईंचं बीपी सलग तिसऱ्या महिन्यात चढलेलं होतं. असंच राहिलं तर एखाद्या दिवशी लकवा.

मी त्यांच्या दवाखान्यातला फार्मासिस्ट. म्हटलं, "मॅडम, दहा मिनिटं द्या. आधी बाईंची औषधांची पिशवी बघतो."

याला आम्ही रिव्ह्यू म्हणतो. पेशंटची सगळी औषधं टेबलावर मांडायची आणि तो ती घरी कशी घेतो, ते त्याच्याच तोंडून ऐकायचं.

गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. तिलाही बीपी होतं. "गोळी घेतलीस?" असं मी रोज विचारायचो. "हो," ती म्हणायची. नंतर कपाटात न फोडलेल्या स्ट्रिप सापडल्या. तेव्हापासून मी पिशवी मागतो.

जानकीबाई रानशेतच्या एका पाड्यावरून आल्या होत्या. पिशवीत तीन रिकाम्या स्ट्रिप निघाल्या. प्रत्येक मधोमध कात्रीने कापलेली.

"बाकीच्या अर्ध्या कुठे?"

"जावेला दिल्या. तिचंपण डोकं गरगरतं. सुके बोंबील आणले तरी आम्ही दोन वाटे करतो. औषध एकटीनं खाऊ?"

"मग महिनाभर पुरतात कशा?"

"पंधरा दिस रोज घेते. मग नाय."

म्हणजे तपासायला त्या यायच्या तेव्हा अंगात औषधच नसायचं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मी डोस वाढवला असता, तर जावेचाही वाढला असता. न तपासता."

मी म्हणालो, "बाई, जावेला गोळी देऊ नका. जावेलाच घेऊन या."

"ती नाय यायची. सुईला भिते."

"बीपीला सुई नसते. दंडाला पट्टा बांधतात."

पुढच्या आठवड्यात दोघी आल्या. जाऊबाई दारातच अडल्या. "ही म्हणाली, आली नाहीस तर बोंबील बंद. म्हणून आले."

त्यांचं बीपी जानकीबाईंपेक्षा जास्त निघालं. त्यांचा वेगळा केसपेपर झाला, वेगळ्या गोळ्या. मी दोघींच्या स्ट्रिपवर मार्करने खुणा केल्या: एकीवर सूर्य, दुसरीवर मासा.

दोन महिन्यांनी जानकीबाईंचं बीपी जुन्याच डोसवर ताळ्यावर आलं. जाऊबाईंचंही उतरतंय. दोघी एकाच रिक्षाने येतात आणि आपापली पिशवी न सांगता टेबलावर उलटी करतात. बोंबलांचे वाटे चालू आहेत.

'गोळ्या घेता का?' या प्रश्नाला बहुतेक जण 'हो' म्हणतात. म्हणून मी तो विचारणं सोडलं आहे.