आमची पंचमी सोमवारी

मुलीला रक्ताचा कॅन्सर झाल्यावर मी दोन गोष्टी शिकलो. रिपोर्ट वाचायला आणि रंधा मारायला. पहिली गुलबर्ग्याच्या दवाखान्यात शिकलो, दुसरी औरादला, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. पोटापाण्यासाठी मी जमीन मोजणी खात्यात आहे. माप चुकलं तर दोन भाऊ कोर्टात जातात, त्यामुळे आकड्यांच्या बाबतीत मी कडक आहे. पेशी साडेनऊशे असतील तर मी हजार म्हणत नाही.

लाकडाच्या भुशात बुरशी असते, तो मुलीच्या नाकातोंडात जाऊ द्यायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून काम झालं की भुसा पाणी मारून गोळा करायचा, अंघोळ करायची, कपडे बदलायचे आणि मगच घरात पाऊल टाकायचं. शेडपासून मागच्या खोलीची खिडकी अठरा फूट, आणि तिची काच कायम बंद. त्या काचेआड आठ वर्षांची ती स्टुलावर बसून माझ्यावर देखरेख करायची. आवाज पोचत नसे, म्हणून हातात पाटी. मान वर केली की पाटीवर काहीतरी असायचंच. "वाकडं हाय." मी काटकोन तपासायचा गुण्या लावून बघायचो. वाकडं असायचंच.

एकदा तिच्या गोळ्यांसाठी खणांचा डबा केला. मोठ्या दिमाखात काचेसमोर धरला. तिने बराच वेळ बघितलं आणि पाटीवर लिहिलं, "एका दिवशी सुट्टी का?" मी खण मोजले. सहा होते.

यंदा श्रावणात तिला एकच गोष्ट हवी होती, पंचमीचा झोका. आदल्या पंचमीला ती सलाईन लावून गुलबर्ग्यात पडून होती. आतेबहिणींनी झोक्याचा व्हिडिओ पाठवला, तो तिने पूर्ण बघितला आणि फोन पालथा ठेवून दिला. आता जड औषधं संपली होती, घरीच रोजच्या गोळ्या चालू होत्या, डोक्यावर दोन बोटं केस आले होते.

मी आलेख कागदावर झोक्याचं चित्र काढून डॉक्टरीणबाईंना दाखवलं. बसायची पाटी, पाठ, दोन्हीकडे हात, पुढे आडवी दांडी, जमिनीपासून उंची दीड फूट. बाई माझ्याशी कन्नडमध्ये बोलतात, माझ्या बायकोशी दखनीत. कन्नडमध्ये त्यांनी विचारलं, "पूल बांधायचाय का?" मग अटी सांगितल्या. लढणाऱ्या पेशी हजाराच्या वर हव्यात, प्लेटलेट लाखाच्या वर. बाहेरची गर्दी नको. उभ्याने झोका घ्यायचा नाही. मी चारही अटी चित्राच्या मागे लिहून घेतल्या.

पंचमी गुरुवारी होती. बुधवारी दुपारी माझी थोरली बहीण दोन मुलींना घेऊन निर्ण्याहून माहेरी आली. बायकोने तिघींना फाटकातच साबणाने हात धुवायला लावले आणि कुणाला खोकला नाही ना ते विचारून घेतलं. बहीण थेट शेडकडे गेली.

"ही बसायची पाटी हाय का बाज? कुणाचं माप घेतलास रे?"

माप मुलीचंच होतं, पण ते मी स्टिरॉइडच्या महिन्यात घेतलं होतं. तेव्हा ती पहाटे उठून भाकरी मागायची आणि सगळीकडून गोल झाली होती. पाटी तयार होईपर्यंत ती निम्म्यावर आली. मोजणी बिनचूक होती, फक्त जुनी होती.

संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. मुलगी आता स्वतःच वाचते, कोणत्या ओळीत बघायचं ते तिला ठाऊक आहे. "सहाशे चाळीस," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "न्हाई ना अप्पा?"

"न्हाई," मी म्हणालो.

बायकोने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाईंनी रोजची गोळी पाच दिवस बंद करायला सांगितली, सोमवारी पुन्हा रक्त, ताप आला तर त्याच घटकेला निघून या. बायको म्हणाली, "मॅडम, कल पंचमी है, बच्ची रोरी."

"पंचमी कां भाग को जारी? सोमवार को कर लेव."

पंचमी कुठे पळून चाललीय, असं बाई थट्टेने बोलल्या असाव्यात. माझ्या बहिणीने ते हुकूम म्हणून घेतलं.

"सोमवारीच करायची मग. नागोबा काय कॅलेंडर बघायलाय का?"

"अक्का, सोमवारी नवमी हाय."

"तुझ्या मोजणीत असंल."

रात्री भावोजींचा फोन आला, परत कधी येणार म्हणून. "पंचमी झाल्यावर," बहीण म्हणाली. "उद्याच की पंचमी." "तुमची उद्या हाय. आमची सोमवारी हाय." आणि तिने फोन ठेवला.

गुरुवारी गल्लीभर झोक्यांची गाणी चालली होती. मुलीने पाटीवर मोठ्या अक्षरात "आज पंचमी न्हाई" लिहिलं आणि ती पाटी रस्त्याकडच्या खिडकीत उभी केली. येणारेजाणारे थांबून वाचत होते.

सोमवारी अकरा वाजता रिपोर्ट आला. अकराशे ऐंशी. प्लेटलेट एक लाख चाळीस हजार. घरात जो आरडाओरडा झाला त्याचं कारण शेजाऱ्यांना समजलं नसेल. मी अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला झोका टांगला. तुरीच्या गोण्या, एकूण एकशेवीस किलो, लटकवून फांदी आधीच तपासलेली होती. शेवटी आडवी दांडी बसवायला घेतली तर ती खाचेत जाईना. पावसाळी हवेने लाकूड दोन सूत फुगलं होतं. मी करवत उचलली.

"ठेव ती!" बहीण ओरडली. "पंचमीला चिरत-कापत न्हाईत."

"अक्का, आज नवमी."

"सकाळपासून सगळ्यांनी पंचमी म्हणायची आन् आता नवमी व्हय?"

तिने सकाळी विळीही घेऊ दिली नव्हती, आम्ही उकडलेली दिंडंच खाल्ली होती. मी करवत खाली ठेवली. पण दांडीशिवाय मी मुलीला बसवणार नव्हतो. फुगलेली दांडी हातात घेऊन मी उभा, आणि मास्क लावलेली ती माझ्यासमोर.

"अप्पा," ती म्हणाली, "आत्याला आडवी लाव की."

पाटी दोघींना पुरणारी होती. आत्या मागे, मांडीवर ती, आत्याचे दोन्ही हात पुढे घट्ट.

"अक्का, वजन किती तुझं?"

"लाज न्हाई का रे?"

"फांदीसाठी विचारायलोय."

"सत्तर लिही."

"शहाऐंशी लिवा," बायको दारातून म्हणाली.

शहाऐंशी आणि मुलीचे एकवीस, एकशेसात. तेरा किलो शिल्लक. मी हळूच ढकललं. पहिल्याच झोक्याला बहीण किंचाळली. मुलगी एवढ्या जोराने हसली की मास्क नाकावरून घसरला, तो आतेबहिणीने धावत वर केला.

"अप्पा, जोरात!"

"नको रे, हळू! मी पडंन!"

मला दोघींपैकी एकीचं ऐकायचं होतं. मी मुलीचं ऐकलं.