पिवळी की निळी: पांढुर्णा, जामसांवली, सौंसर आणि आईला बसता येईल अशी स्पोर्ट्स कार

पन्नाशी ओलांडल्यावर बाईमाणसाने स्पोर्ट्स कार घ्यायची म्हटलं की सगळ्यांना एकदम तिच्या तब्येतीची काळजी वाटायला लागते. माझ्या नवऱ्याने, श्रीकांतने, तर थायरॉईडची तपासणी करून घ्यायला सांगितलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, नागपुरात माझं स्वतःचं क्लिनिक आहे, आणि कॉलेजात असल्यापासून मला एक वेगवान, देखणी, दोन दारांची गाडी हवी होती. आता परवडते आहे, म्हणून घेते आहे. यापेक्षा खोल कारण नाही. पण "कारण काय" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला की शेवटी मी सांगायला लागले, पाठीला बरी असते.

अडचण अशी होती की मला शोभेची गाडी नको होती. दर शनिवारी मी पांढुर्ण्याला, म्हणजे माहेरी जाते. तिथे सकाळी पेशंट तपासते, दुपारी आईला जामसांवलीच्या मारुतीला नेते, मग सौंसरला मावशीकडे सोडते आणि परत नागपूर. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून आठवड्यातलं तिचं हे एवढंच बाहेर पडणं. जी गाडी हा शनिवार निभावेल तीच मी घेणार होते. इंटरनेटवरचे सल्ले वाचून डोकं उठलं होतं. सगळे जण समुद्रकाठच्या गुळगुळीत रस्त्यांवर गाड्या तपासतात. सावनेरच्या पुढचे गतिरोधक कोणाच्याच हिशेबात नसतात.

ओळखीतल्या किशोरभाऊंकडे अशा दोन गाड्या होत्या. त्यांचा ट्रान्सपोर्टचा धंदा. दोन्हीतली एक विकायची, कोणतीही, तुम्हाला आवडेल ती, असं ते म्हणाले होते. पहिली इटालियन, लिंबासारखी पिवळी, इंजिन सीटच्या मागे. दुसरी गडद निळी, लांब नाकाची, इंजिन पुढे, आणि मागे नावापुरत्या दोन सीटा, ज्यांवर पिशव्या नीट बसतात. मी म्हटलं, दोन्ही घेऊन पांढुर्ण्याला जाऊ. ते तयार झाले. पिवळी मी चालवणार, निळी ते. श्रीकांतने न विचारता निळीचं दार उघडलं.

"पिवळीत का नाही?" मी विचारलं.

"मला कान आहेत," तो म्हणाला.

नागपूर ते सावनेर रस्ता चांगला, चौपदरी. ज्यांना अशी गाडी घेऊन यायचं आहे त्यांच्यासाठी: चांगल्या प्रतीचं पेट्रोल नागपुरातच भरून घ्या, पुढे मिळेलच असं नाही. आणि रस्त्यापेक्षा माणसांसाठी मनाची तयारी ठेवा. शहर सुटल्यापासून एक मोटरसायकलवाला माझ्या खिडकीला चिकटून चालला होता. मागे बसलेला शूटिंग करत होता, आणि चालवणारा समोर न पाहता माझ्या चाकाकडे पाहत होता. मी हळू केली की तो हळू, मी वेग घेतला की तो जीव काढून वेग घ्यायचा. शेवटी मी गाडी बाजूला लावली आणि काच खाली करून म्हटलं, "बाबा, पोटभर पाहून घे, पण उभा राहून पाह्य." त्यांनी उभं राहून पाहिली, सेल्फी काढला आणि थँक्यू म्हणून गेले.

सावनेरला तर्री-पोहे आणि चहा घेतला. तिघांचं मिळून एका मॉलमधल्या कॉफीहून कमी बिल. पोहेवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारली.

"ॲव्हरेज किती देते, मॅडम?"

"सहा-सात."

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी पेशंटकडे वाईट एक्स-रे आल्यावर पाहते. मग पोह्यांवर थोडी जास्त तर्री घातली.

पिवळीत एक बटण आहे. ते दाबलं की गाडी नाक उचलते, म्हणजे गतिरोधकावर पोट घासत नाही. पण उचलायला वेळ घेते. त्यामुळे गतिरोधक आधी दिसायला हवा. आमच्याकडचे अर्धे गतिरोधक रंगवलेले नसतात, आणि काही तर गावकऱ्यांनी स्वतःच्या मनाने केलेले असतात. मी ज्या रस्त्याने वर्षानुवर्षं गाणी ऐकत गेले, तिथे आता मान पुढे काढून डांबर वाचत चालले होते. एकदा चुकलंच. खालून असा आवाज आला की माझेच दात शिवशिवले. किशोरभाऊंनी मागून फोन केला. "टेन्शन नका घेऊ वहिनी, लाखात एक गाडी आहे, तिला सवय आहे." मला नव्हती.

दिवस कापसाचे होते. पांढुर्ण्याच्या अलीकडे समोर कापसाचा ट्रॅक्टर, ट्रॉलीपेक्षा दुप्पट रुंद भरलेला, त्याच्या पुढे आणखी एक. ओव्हरटेकला जागा नाही. वाऱ्याने कापूस उडत होता आणि पिवळी जमिनीलगत तोंड उघडून तो सगळा गिळत होती. थोड्या वेळाने समोर दिवा लागला: इंजिन तापतंय. उतरून पाहते तर पुढच्या जाळ्या पांढऱ्याशुभ्र. रस्त्याकडेला उकिडवं बसून मी आणि किशोरभाऊ त्या महागड्या जाळ्यांतून बोटांनी कापूस उपसत बसलो. निळीच्या जाळीलाही कापूस लागला होता, पण तिला त्याचं काही वाटलेलं दिसत नव्हतं. श्रीकांत शांतपणे संत्रं सोलून खात होता. त्याने मलाही एक फोड दिली. त्या क्षणी मला ती सुद्धा टोमण्यासारखी वाटली.

आई माझ्या भावाकडे, दादाकडे राहते, आणि त्याच्या गल्लीत पिवळी वळेना. मी गाडी दादाच्या ओळखीतल्या एका जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात लावली. दादा शाळेत मास्तर आहे. तो सायकलवर आला तोच तणतणत.

"सकाळपासून फोन येऊन राहिले मले. मास्तर, बहिणीले लॉटरी लागली काय म्हून. आता सोमवारी शाळेत काय सांगू?"

"सांग, कष्टाच्या पैशाची आहे."

"थे कोनी विचारूनच नाई राहिलं," दादा म्हणाला. "अन् एक सांगतो, गोटमारीच्या दिवशी, लोकं गोटे फेकतेत तवा, इकडं आनू नको मंजे झालं."

माझी शनिवारची ओपीडी तिथून जवळच आहे. तिथे त्या दिवशी कोणाला काही दुखतच नव्हतं. ज्यांना मी वाकायला सक्त मनाई केली होती, ते कंबरदुखीचे पेशंट आवारात वाकून गाडीच्या खाली काय आहे ते पाहत होते. मी दारातून ओरडले, तर त्यातले एक काका उठता उठता म्हणाले, "पाहू द्या ना डॉक्टरीनबाई, मंग करा इलाज." तासाभराचं काम दुपारपर्यंत चाललं.

आईला घ्यायला निघाले तेव्हा माझं ठरलं होतं की तिला निळीत बसवायचं. पिवळीची सीट जमिनीपासून वीतभर. गुडघे कमरेच्या वर जातात, आणि अशा सीटवरून उठणं हे माझ्या पेशंटसाठी सगळ्यात अवघड. हे मी आईला समजावून सांगितलं. तिने नवी नारायणपेठ नेसली होती.

"मंग मी पिवळीत कधी बसू?" ती म्हणाली. "सारं गाव पाहून गेलं. मी तुही माय हाव."

"उठता नाही यायचं, आई."

"तू कायची डॉक्टर हायेस मंग?"

गल्लीच्या तोंडाशी पिवळी आणली, आणि बसताना काहीच त्रास झाला नाही. आधी बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय एकत्र फिरवून आत. आई सफाईने बसली, पट्टा लावून घेतला आणि जामसांवलीपर्यंत दोन्ही हात मांडीवर ठेवून राणीसारखी बसून राहिली. मागच्या इंजिनाच्या आवाजात बोलता येत नव्हतं, पण ती खूश होती हे मला दिसत होतं. मीही सकाळपासून पहिल्यांदा खूश होते.

शनिवार असल्याने जामसांवलीला तुडुंब गर्दी. नारळ-फुलांच्या दुकानांजवळ कशीबशी जागा मिळाली. मी दार उघडलं आणि आईला म्हटलं, पुढे सरक. तिला सरकता येईना. सीटच्या दोन्ही कडा उंच, आणि दाराखालचा उंबरठा इतका रुंद की पाय बाहेर जमिनीला टेकले तरी भार घेता येत नव्हता. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. प्रत्येक वेळी ती अर्धवट उठून मागे आपटली. तोवर भोवती कडं झालं होतं. कोणी वाईट नव्हतं. "माय, असा हात द्या" म्हणून सगळेच सांगत होते. पण त्यांच्या हातात मोबाईल होते, आणि ते चालू होते.

आईच्या कपाळावर घाम आला. नवी साडी गुडघ्यांच्या वर सरकली होती. ती एका हाताने साडी ओढत होती आणि दुसऱ्या हाताने माझी बाही. अगदी हळू म्हणाली, "मले कोनाले पाहू देऊ नको."

रोज मी दुसऱ्यांच्या आयांना हेच शिकवते, खुर्चीतून कसं उठायचं. मी लोकांवर ओरडले, "फोन ठेवा." काहींनी ठेवले, काहींनी नाही. तेवढ्यात गर्दी सारत श्रीकांत आला. त्याने निळीच्या डिकीतून गाडी झाकायचं मोठं कव्हर आणलं होतं. एक टोक त्याने धरलं, दुसरं किशोरभाऊंनी, आणि दोघांनी हात वर करून आमच्याभोवती पडदा उभा केला, लोकांकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ. आत आई, मी आणि उघडं दार. मी मातीत गुडघे टेकले, तिचे हात माझ्या गळ्यात घेतले, तिच्या कमरेला मिठी मारली आणि म्हटलं, आता माझ्यावर पड. ती पडली. तशीच तिला घेऊन मी उठले. तिची एक चप्पल आतच राहिली.

साडी नीट करेपर्यंत पडदा हलला नाही. श्रीकांतने मागे वळूनही पाहिलं नाही. "झालं की सांगा," एवढंच म्हणाला.

निजलेल्या मारुतीसमोर आई बराच वेळ बसली. नेहमी ती मला घरच्या सगळ्यांची नावं घ्यायला लावते. त्या दिवशी एकाचंही घ्यायला लावलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "त्या गाडीत मी नाई बसत आता."

मी निळीच्या किल्ल्या मागून घेतल्या. आईने दार धरलं, मागे पाहिलं, कोणी बघत नाही याची खात्री केली आणि बसली. सौंसरपर्यंतच्या रस्त्यात कडेला संत्र्यांचे ढीग होते, मजूर पेट्या भरत होते. गतिरोधक आले आणि गेले. एका वळणावर निळीने इतकी सहज चाल पकडली की मी गाडीबद्दल विचार करायचीच थांबले. आई मावशीच्या घरच्या लग्नाबद्दल बोलत होती आणि मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. मावशीच्या दारात तिने दाराच्या चौकटीला हात लावला, थोडी पुढे वाकली आणि स्वतःच्या पायांवर उतरली. मी मदतीला धावले, तर म्हणाली, "सर बाजूले."

तिथेच माझा निर्णय झाला. दुःखही झालं, हे लपवत नाही. इतकी वर्षं मनात जी गाडी होती ती पिवळीच होती.

परतीला मी निळीत एकटी, आणि पिवळीत किशोरभाऊंबरोबर श्रीकांत, कारण आई निळीत आल्यापासून तो तिथेच बसला होता. सौंसरनंतर रस्ता मोकळा मिळाला. पिवळी माझ्या शेजारून अशी गेली की कागद फाडल्यासारखा आवाज झाला. बोरगावला चहाला थांबलो तेव्हा श्रीकांत गाडीतून, दोन्ही हातांनी चौकट धरून, धडपडत बाहेर आला. केस उभे, चेहरा लाल.

"ऐक," तो म्हणाला, "हीच घेऊ."

मी त्याच्याकडे पाहत राहिले. महिनाभर ज्या माणसाने मला हप्ते, विमा आणि थायरॉईड ऐकवलं, तो माणूस.

"आई?" मी विचारलं.

चहा आला. अर्धा प्याल्यावर तो म्हणाला, "आपली जुनी गाडी आईसाठी ठेवता येईल."

"दोन-दोन गाड्या घेऊन मी शनिवारी कशी येऊ?"

पुढे सावनेरपर्यंत तो निळीत माझ्या शेजारी बसला आणि पिवळीचे गुण सांगत राहिला. मी किशोरभाऊंना निळी घेते म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

"तुम्ही हीच मागाल असं वाटलंच होतं," ते म्हणाले. "मला ठेवायची होती ही. म्हणून तर सकाळपासून पिवळीची तारीफ करून राहिलो."

पण शब्द पाळला. आठवडाभर टाळाटाळ केली, दोनदा मला पुन्हा विचार करायला सांगितलं, आणि मग दिली.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. विचारतात त्यांना सांगते: पहिलीच अशी गाडी घेत असाल आणि रोज चालवायची असेल, तर शोरूमच्या चकचकीत फरशीवर बसून पाहू नका. घरातल्या सगळ्यात दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला घेऊन जा आणि त्याला उतरताना पाहा. त्रास होईल, चिडचिड होईल, पण उत्तर मिळेल. पिवळी रस्त्यात दिसली की मी अजून वळून पाहते. श्रीकांत तर तिचं नावही काढू देत नाही, इतकी हळहळ.

गाडी माझ्या नावावर झाल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी आईला घ्यायला गेले. निळी दादाच्या गल्लीत शिरली, आरसे सांभाळून. शेजारच्या बायका बाहेर आल्या. आईने त्यांना नमस्कार केला आणि पदर नीट घेऊन बसली. शेवटची घरं मागे पडली, दोन्हीकडे संत्र्यांच्या बागा लागल्या, समोर रस्ता रिकामा. आईने आरशातून मागे पाहिलं, मग माझ्याकडे वळली.

"पळव ना आता जरा," ती म्हणाली. "पाहाले कोनी नाई."